पोकरमध्ये ब्लफ केव्हा आणि कसा करावा

ब्लफ (हातात कमकुवत पाने असताना चिप्स लावून प्रतिस्पर्ध्याला माघार घ्यायला लावणे) करण्यापूर्वी समोर किती खेळाडू उरले आहेत ते पाहावे. एकाला पाने टाकायला लावणे शक्य असते, तिघांना एकाच वेळी लावणे फार कठीण. जो खेळाडू हातात कोणतीही जोडी असली की शेवटपर्यंत कॉल करत (समोरच्याने लावल्या तेवढ्याच चिप्स लावत) राहतो, त्याच्याविरुद्ध ब्लफ करूच नये.

हिशेब सोपा आहे. पॉटमध्ये, म्हणजे टेबलावर जमलेल्या ढिगात, १०० चिप्स असताना तुम्ही ५० लावल्या, तर तीनपैकी एकदा प्रतिस्पर्ध्याने पाने टाकली तरी तुमचे नुकसान होत नाही. पूर्ण १०० लावल्यास मात्र दोनपैकी एकदा त्याने माघार घ्यायला हवी.

नवशिक्याने सेमी-ब्लफपासूनच (पाने पुढे सुधारण्याची शक्यता असताना केलेल्या ब्लफपासून) सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. समजा, तुमच्याकडे बदामाची दोन पाने आहेत आणि फ्लॉपवर (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामाईक पानांत) आणखी दोन बदाम आले; फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) पूर्ण करणारी ९ पाने अजून शिल्लक असल्याने, प्रतिस्पर्ध्याने कॉल केला तरी रिव्हरपर्यंत (शेवटच्या, पाचव्या सामाईक पानापर्यंत) फ्लश लागण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के राहते.

रिव्हरवरचा निव्वळ ब्लफ याहून अवघड, कारण तुमच्या आधीच्या सगळ्या चाली त्या ब्लफशी जुळाव्या लागतात. टेबलावर तीन बदाम असतील आणि बदामाचा एक्का तुमच्या हातात असेल, तर एक्क्याचा फ्लश प्रतिस्पर्ध्याकडे असूच शकत नाही, आणि म्हणूनच तिथे मोठी बेट लावणे सयुक्तिक ठरते. खरोखर फ्लश लागला असता तर जेवढ्या चिप्स लावल्या असत्या, तेवढ्याच आणि तितक्याच वेळात लावाव्यात.