ओव्हरकॉन्फिडंट नवा विद्यार्थी क्लासला आला की काय करायचं

जिम मारून आलेला, फाइटचे व्हिडिओ बघून बघून सगळं पाठ झालेलं, आणि पहिल्याच दिवशी विचारतो, सर स्पारिंग (पार्टनरसोबत सरावाची लढत) कधीपासून? मार्शल आर्ट्स शिकवत असाल तर असा एखादा तुम्हाला भेटलेलाच असणार. बरेच जण मग त्याला सगळ्यात तगड्या सीनियरसमोर उभं करतात, जरा मस्ती उतरव म्हणतात. प्लीज असं करू नका. एकतर तो परत येतच नाही, आणि आला तर एवढंच शिकतो की इथे जोरवाला कमजोराला धुतो, मग पुढे तो स्वतः नव्या पोरांना तेच करतो.

पहिलं काम म्हणजे त्याच्या पार्टनरला वाचवणं. नव्या माणसाला स्वतःच्या ताकदीचा अंदाज नसतो, आर्मबार (कोपर उलट्या दिशेने ताणायचा डाव) मिळाला की तो हळूहळू दाब न वाढवता झटका देतो, आणि कोपर पूर्ण सरळ झालं की पुढे जायला जागाच नसते, समोरचा टॅप करेपर्यंत, म्हणजे सोड अशी खूण करेपर्यंत, लिगामेंटला इजा झालेली असू शकते. म्हणून टॅपचा नियम पहिल्याच दिवशी. हाताने थोपटलं, पायाने थोपटलं किंवा तोंडाने सांगितलं तरी लगेच सोडायचं, आणि स्वतः अडकलं की वेळेत टॅप करायचं. हे जमत नसेल तर मॅटवर यायचं नाही, यात कुणालाच सूट नको.

मग पडायला शिकवा. ज्युडोत याला उकेमी म्हणतात. अशा मुलांना ते बालिश वाटतं, पण पडताना हात टेकवला की मनगट नाहीतर कॉलरबोन जातं हे नीट समजावून सांगा आणि करूनच घ्या, इथे दंडाची ताकद काही कामाची नाही हे त्याला न बोलता कळतं.

स्पारिंग लगेच फुल राउंडचं नको. छोटं काम द्या, म्हणजे खाली अडकलायस, फक्त सुटून दाखव, दोन मिनिटं. बॉक्सिंग किंवा किकबॉक्सिंग असेल तर एकाने फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारायचा, दुसऱ्याने फक्त वाचवायचं. पार्टनर वजनाने हलका पण अनुभवी आणि डोक्याने शांत असा निवडा, आणि त्याला आधीच सांगून ठेवा की नुसतं कंट्रोल कर, दुखवू नकोस. दोन नवे एकमेकांसमोर नकोतच, दोघांनाही थांबायचं कुठे ते माहीत नसतं. हा नवा मुलगा श्वास रोखून सगळी ताकद लावणार आणि लवकरच दमणार. तेव्हा लेक्चर देऊ नका, विचारा, कुठे अडकलास? उत्तर त्याने स्वतः शोधलं की पुढचं टेक्निक तो खरंच मन लावून ऐकतो, माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

कधीकधी मुलगा खरंच दुसरीकडे काहीतरी शिकलेला असतो, तेही विचारून घ्या, उगाच खोटा ठरवू नका.

जोरात मारलं तर राउंड तिथेच थांबवा, परत केलं तर त्या दिवशी बाहेर बसून बघू दे. सगळ्यांसमोर अपमान नको, क्लास संपल्यावर बाजूला घेऊन स्पष्ट बोला, कारण बऱ्याचदा या जोरामागे हरायची भीती असते आणि ती चारचौघांत कोणी कबूल करत नाही. एवढं करूनही तो लोकांना दुखवतच राहिला तर फी परत द्या आणि त्याला क्लास सोडायला सांगा.