‘या उंबराखाली पाणी आहे’: एखादं विधान न्यायशास्त्राच्या रीतीने कसं तपासावं

वाक्य कळणं, ते खरं असणं आणि ते खरं असल्याची खात्री पटणं या तीन गोष्टी न्यायदर्शन, म्हणजे तर्काचं जुनं भारतीय शास्त्र, वेगवेगळ्या ठेवतं. बहुतेक वाद फसतात ते पहिलीचा निकाल लागायच्या आत तिसरीवर भांडण सुरू झाल्यामुळे. तपासणीची बहुतेक हत्यारं अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या सतराव्या शतकातल्या छोट्या ग्रंथात आणि त्यावरच्या त्याच्याच ‘दीपिका’ टीकेत मिळतात. इथे एकच वाक्य घेऊ: ‘या उंबराखाली पाणी आहे, पाणाड्याने सांगितलंय.’ बोअरचे पैसे भरायच्या आधी हे वाक्य नीट तपासलेलं बरं.

वाक्य कागदावर जसंच्या तसं उतरवा. आधी फक्त अर्थ बघायचा, खरंखोटं नंतर. अर्थ लागायला तीन अटी आहेत. पहिली आकांक्षा: शब्दांना एकमेकांची गरज हवी. ‘उंबर, पाणी, दोनशे फूट’ हे वाक्य नव्हे. दुसरी योग्यता: ‘विस्तवाने शेत शिंपलं’ यात व्याकरण बिनचूक आहे, पण विस्तवाने शिंपणं घडू शकत नाही, म्हणून अर्थ जुळत नाही. तिसरी संनिधी: शब्द लागोपाठ यायला हवेत. एक शब्द आत्ता आणि दुसरा प्रहराने उच्चारला तर बोध होत नाही. फोनवर फिरणारे अर्धवट कापलेले निरोप इथेच नापास होतात.

आपलं वाक्य या तिन्हींत उतरतं, पण तात्पर्यात, म्हणजे बोलणाऱ्याला नेमकं काय म्हणायचंय यात, अडकतं. जेवायला बसलेला माणूस ‘सैंधव आण’ म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. संदर्भ सुटला की अर्थ सुटला. ‘पाणी आहे’ म्हणजे काय? नुसता ओलावा, पिण्यापुरतं पाणी, की मे महिन्यातही मोटर चालेल इतकं? किती फुटांवर? बोलणाऱ्याकडून हे आधी वदवून घ्या आणि वाक्याशेजारी लिहा. ‘उंबराखाली’ हा शब्द मात्र लक्षणेने, म्हणजे मुख्य अर्थ सोडून त्याला लागून असलेला अर्थ धरून, घ्यावा लागतो. ‘गंगेवर गौळवाडा’ म्हटलं की आपण काठावर समजतो, तसं इथे ‘झाडाच्या जवळपास’. लक्षणा घ्यायची ती मुख्य अर्थ बसत नसेल किंवा बोलणाऱ्याचा हेतू त्यातून साधत नसेल तेव्हाच, सोयीसाठी नाही. बोअर कोरडा गेल्यावर ‘आम्ही ओलावा म्हणालो होतो’ असं कुणी म्हणू लागला तर ती पळवाट. अर्थ आधी लिहून ठेवायचा तो यासाठीच.

आता कारण मागा. पाणाड्या म्हणेल, ‘उंबर आहे ना इथे.’ माणसं प्रतिज्ञा आणि हेतू एवढंच बोलतात आणि खरा माल मधे लपून राहतो. म्हणून अनुमानाचे पाचही अवयव, म्हणजे पायऱ्या, लिहून काढा. प्रतिज्ञा: या जागेखाली पाणी आहे. हेतू: कारण इथे उंबर आहे. उदाहरण: जिथे जिथे उंबर, तिथे तिथे खाली पाणी, जसं ओढ्याकाठी. उपनय: ही जागाही उंबराचीच. निगमन: म्हणून इथे पाणी आहे. तिसरी ओळ लिहिताना हात अडखळतो, आणि तो अडखळावाच, कारण ‘जिथे जिथे’ ही व्याप्ती, म्हणजे अपवाद नसलेली सांगड, आहे. सगळं वजन तिच्यावर आहे.

व्याप्ती तपासताना कागदाचे दोन भाग करा. एकात सपक्ष, म्हणजे जिथे पाणी असल्याचं आधीच माहीत आहे अशा जागा; दुसऱ्यात विपक्ष, जिथे पाणी नसल्याचं माहीत आहे अशा. सुरुवात विपक्षापासून करा. सपक्षात उंबर शोधत बसलात तर शंभर सापडतील आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. ‘दीपिके’त याचं उत्तम उदाहरण आहे: पृथ्वीपासून बनलेल्या वस्तूवर लोखंडाने ओरखडा उठतो हे शेकडो ठिकाणी दिसतं, पण हिऱ्यावर उठत नाही, आणि नियम तिथेच मोडतो. विपक्षात एक जरी उंबर सापडला तरी हेतू सव्यभिचार, म्हणजे नको तिथेही आढळणारा, ठरतो. असा उंबर शोधायला लांब जावं लागत नाही. सांडपाण्याच्या गटाराकडेला उंबर वाढतो, जुन्या भिंतीच्या सांध्यातूनही उगवतो.

पण एवढ्यावर हेतू टाकून देऊ नका. तो कधी चालतो आणि कधी नाही हे ज्याच्यामुळे ठरतं, ती उपाधी शोधा. ‘अग्नी आहे म्हणून धूर आहे’ हे अनुमान चुकतं, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तिथे उपाधी म्हणजे ओलं सरपण. कसोटी अशी: उपाधी साध्य (जे सिद्ध करायचं ते) असेल तिथे सगळीकडे असते, पण हेतू असेल तिथे सगळीकडे नसते. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टवर आहे. या खडकात पाणी साठतं ते झिजलेल्या थरांत, भेगांत आणि सांध्यांत. म्हणजे भेगाळ खडक ही आपली उपाधी. पाणी आहे तिथे तो आहे, उंबर आहे तिथे तो असेलच असं नाही. इथे एक चूक हमखास होते. उपाधी सापडली की तिलाच नवा हेतू मानलं जातं, पण भेगाळ खडकही उन्हाळ्यात कोरडा असू शकतो. उपाधी जुन्या अनुमानातली खोट दाखवते, नवं अनुमान आयतं देत नाही.

बाकीचे हेत्वाभास, म्हणजे हेतूतले दोष, भराभर तपासता येतात. झाड उंबरच आहे ना? खोडाला झुबक्यांनी लागलेली फळं बघा. उंबर नसेल तर हेतू असिद्ध. शेजारचे दोन्ही बोअर कोरडे गेले असतील तर उलट बाजूचा तोलामोलाचा हेतू उभा राहतो, तो सत्प्रतिपक्ष. याच जागी आधी बोअर मारून पाणी लागलं नसेल तर बाधित, पुढे बोलायलाच नको. हेतू उलट गोष्टच सिद्ध करत असेल तर विरुद्ध. आपल्या उदाहरणात तो प्रश्न येत नाही.

राहिला पाणाड्याचा शब्द. शब्द हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, आहे, पण आप्ताचा. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने आप्ताचं लक्षण दिलं आहे: ज्याला वस्तू स्वतः पक्की माहीत आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू, असंही त्याने स्पष्ट म्हटलं आहे. भारतीय ज्ञानचर्चेतलं हे फार मोलाचं वाक्य आहे. म्हणून पाणाड्याची जात, वय, दबदबा बघू नका. तीनच गोष्टी विचारा: त्याने हे कशावरून ओळखलं, त्याने दाखवलेल्या कोरड्या जागा किती, आणि बोअर मारण्यात त्याचा स्वतःचा काही वाटा आहे का.

एवढं झालं की कुणीतरी म्हणतं, ‘अशाने कशाचीच खात्री देता येणार नाही.’ याला उत्तर आहे. संशयालाही कारण लागतं. लांबून दिसणारा खांब की माणूस हा संशय खरा, कारण उंची दोघांची सारखी आणि वेगळेपणाची खूण दिसत नाही. उंबराबद्दलचा आपला संशयही असाच, गटाराकडेचं झाड दाखवून घेतलेला. पण ‘उद्या धूर अग्नीशिवाय निघाला तर?’ या शंकेमागे असं काहीच नाही. न्यायपंडित उदयनाचार्यांनी मर्यादा घातली: शंका स्वतःच्या वागण्याशी विसंगत होईपर्यंतच चालते. मिथिलेच्या गंगेश या नैयायिकाने (न्यायशास्त्राच्या पंडिताने) चौदाव्या शतकात हेच नेमकं करून सांगितलं. शंका घेणारा धुरासाठी अग्नीच पेटवतो, भूक भागवायला जेवतोच, आणि दुसऱ्याला पटवायला शब्दच वापरतो. शब्दांनी अर्थ पोचतो यावर त्याचा भरवसा नसता तर शंका तोंडातून निघाली नसती. म्हणून समोरच्याला दोन गोष्टी विचारा: शंका कशावरून आली, आणि ती धरून तू वागतोस का? दोन्हींना उत्तर नसेल तर ती बाजूला ठेवा.

शेवटची पायरी कृतीची. ज्ञान खरं होतं हे नैयायिक सफल प्रवृत्तीवरून ठरवतात: पाणी समजून गेलो, प्यालो, तहान भागली. बोअरला पाणी लागलं तर ‘इथे पाणी आहे’ हे खरं ठरलं, पण ‘उंबर आहे म्हणून’ हे ठरलं नाही. डोंगरावरच्या धुळीच्या लोटाला धूर समजून अग्नी ओळखला आणि तिथे योगायोगाने अग्नी निघाला, तरी हेतू खोटाच राहतो. तेव्हा पाणी लागलं तर ही जागा सपक्षात आणखी एक म्हणून लिहा, कोरडा गेला तर विपक्षात. सोबत खोली, खडक कसा लागला आणि महिना कोणता हे टिपून ठेवा. पुढच्या बोअरच्या वेळी वाद याच नोंदींवर होऊ द्या.