बाईकचं हँडल नाचतंय? गाडी उघडायच्या आधी एवढं जमवून ठेवा

मागच्या वर्षी चाळीसगावहून कन्नड घाटाकडे जाताना साठच्या स्पीडवरून थ्रॉटल सोडला की पन्नास ते चाळीसच्या मधे हँडल असं काही नाचायचं की मागे बसलेला विचारायचा, काय झालं भो? मेकॅनिकनं गाडी न चालवताच सांगून टाकलं कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला, बदलला, पैसे दिले, परत येताना पुन्हा तेच. शेवटी निघालं काय, तर पुढचं टायर रिमवर नीट बसलेलंच नव्हतं. म्हणून सांगतो, रविवारी पाना हातात घ्यायचा असेल तर तयारी शनिवारी करा, अन कोनसेट सगळ्यात शेवटी.

आधी एका कागदावर लिहून काढा की वॉबल, म्हणजे हे हँडलचं नाचणं, किती स्पीडला येतो, गाडी स्लो होताना येतो की पळताना, ब्रेक मारला की पुढे खट्ट होतं का, अन हे सुरू कधी झालं, पंक्चर काढल्यावर, नवीन टायर टाकल्यावर की गाडी पडल्यावर. अर्धं उत्तर इथंच असतं. बघायला म्हणून चालू गाडीवर दोन्ही हात सोडू नका, प्लीज.

सामान फार नाही लागत. रिंग पान्यांचा सेट, एक्सलच्या नटाला बसेल असा पाना, कोनसेटच्या चकतीसाठी सी-पाना (छन्नी-हातोडीनं चकती फिरवणारे खूप आहेत, तिच्या खाचा खराब होतात मग कुठलाच पाना बसत नाही), स्पोकची चावी, ग्रीस, साबणाचं पाणी, लांब दोरी, बॅटरी (टॉर्च) आणि स्वतःचा हवेचा गेज. गेज घरचाच घ्या, कारण हवा गाडी थंड असताना सकाळी बघायची असते, आपल्याकडे मे महिन्यात 44-45 डिग्रीत दुपारी पंपावर जाऊन बघितली तर आकडा जास्तच दिसणार. किती भरायची ते चेन कव्हरच्या किंवा चिमट्याच्या (मागचं चाक ज्यात बसतं तो) स्टिकरवर असतं. आणि एक माणूस लागतो, गाडी डबल स्टँडवर लावली की मागून दाबून धरायला, म्हणजे पुढचं चाक उचलतं. भरीत-पुरी खाऊ घालतो म्हटलं की येतो कोणीतरी.

शनिवारीच गाडी धुवून घ्या. हसू नका, शेतातून आलेल्या गाडीच्या रिमला आतून काळी माती चिकटून वाळते, ती एकाच बाजूला जास्त असली की चाकाचा बॅलन्स जातो.

आता चाक हवेत असताना हातानं हळू फिरवा. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक रेघ असते, ती रिमपासून गोल सगळीकडे सारख्या अंतरावर पाहिजे, माझ्या गाडीत ती एका जागी आत गेली होती. हवा काढून कडेला साबणाचं पाणी लावून परत भरली तर फट्ट आवाज करून बसली, खर्च शून्य. टायरवर खड्डे पडलेत का तेही बघा, त्यावर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा, त्यावरून वय कळतं. मग रिमजवळ खडू स्थिर धरून आउट, म्हणजे रिम फिरताना किती डोलते ते, बघा, साधारण 2 मिलीमीटरच्या वर असेल तर आउट काढायला द्या. स्पोकवर पान्यानं टिचकी मारत जा, टण्ण वाजला तर ठीक, बद्द वाजला तो ढिला.

मग टायर दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवा. फक्त चाक हललं, शॉकअप जागेवर राहिला, तर चाकाचं बेअरिंग. शॉकअपची खालची टोकं धरून पुढं-मागं ओढल्यावर वर हँडलपाशी खटखट आली तर कोनसेट ढिला. हँडल डावी-उजवीकडे हळू फिरवताना बरोबर मधोमध खटका लागला तर रेसमधे (कोनसेटच्या गोळ्या फिरतात त्या वाटीत) खड्डे पडलेत, मग कितीही आवळा, उपयोग नाही, उलट जास्त आवळला तर हळू चालवताना गाडी सरळच जात नाही. शॉकअपला ऑइल गळतंय का बघा, दोन्हीत ऑइल सारखं पाहिजे.

मागचं चाकही पुढचं हँडल हलवतं, हे बरेच जण विसरतात. चेन टाइट करताना दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवल्या नसतील तर चाक तिरकं बसतं, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघायला ती दोरी. चिमट्याचे बुश गेले असतील तर मागचं चाक धरून आडवं हलवल्यावर कळतं. अन दुधाचे कॅन पार मागं टेललाइटच्याही पलीकडे लटकवले तर पुढचं चाक हलकं होणारच, तिथं गाडीचा काय दोष.

ट्रायल रिकाम्या सरळ रस्त्यावर, हेल्मेट घालून. वॉबल आलाच तर हँडल घट्ट आवळू नका, जोरात ब्रेक नको, अंग थोडं पुढं अन थ्रॉटल हळूहळू सोडा. नवीन कोनसेट टाकला असेल तर चारपाचशे किलोमीटर झाल्यावर एकदा परत चेक करून घ्या, रेस बसतात अन जरासा ढिला पडतो.