मित्रांसह घरी विज्ञानविनोदी चित्रपट पाहण्याची तयारी

विज्ञानकथेवरचा चित्रपट घरी पाहायचा ठरला की बहुतेकांचे लक्ष आधी पडद्याच्या आकाराकडे जाते, आणि चित्रपट निव्वळ अंतराळयुद्धाचा असेल तर त्यात गैर काही नाही. मात्र त्या विज्ञानकथेत विनोद मिसळलेला असेल आणि पाहायला चार-सहा मित्र एकत्र बसणार असतील, तर आधी आवाजाची आणि मग चित्राची व्यवस्था पाहावी. स्फोट थोडा कमी दणदणीत वाटला म्हणून कोणाचे काही बिघडत नाही, पण यंत्रमानवाने निर्विकार स्वरात टाकलेले चार शब्द एकाला ऐकू आले नाहीत, की तो "काय म्हणाला?" असे विचारतो, दुसरा त्याला सांगू लागतो आणि तेवढ्यात पुढचे दोन विनोद सगळ्यांच्याच हातून निसटतात.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कानठळ्या बसवणारे, ही तक्रार सर्वांच्या ओळखीची आहे. चित्रपटाचा आवाज अनेकदा ५.१ पद्धतीने, म्हणजे सहा वेगवेगळ्या वाहिन्यांत (प्रत्येक स्पीकरसाठी आवाजाचा स्वतंत्र प्रवाह) मिळतो आणि त्यांतले संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीला बहुधा दोनच छोटे स्पीकर असतात, तेही खाली किंवा मागे तोंड केलेले. सहा वाहिन्यांचा आवाज त्या दोघांत कोंबला गेला की संगीत आणि आदळआपट यांच्याखाली संवाद दबून जातात. म्हणून जोडलेले स्पीकर दोनच असतील तर चित्रपट सुरू करण्यापूर्वी आवाजाच्या मेनूत ५.१ ऐवजी स्टिरिओ, म्हणजे दोनच वाहिन्यांचा, पर्याय आहे का ते पाहावे. त्याखेरीज 'नाइट मोड' किंवा तत्सम नावाची सोय असते. ती मोठे आवाज खाली आणते आणि हळू आवाज वर उचलते. एकट्याने शांतपणे पाहताना ती बंद ठेवणेच बरे, पण हसणाऱ्या घोळक्यात ती फार उपयोगी पडते. स्वतंत्र मधला स्पीकर असेल तर तेवढ्याचाच आवाज किंचित वाढवावा, आणि साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, कपाटाच्या खणात आत न सरकवता कडेला, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावा.

ब्लूटूथ स्पीकर मात्र या कामासाठी टाळावा. त्यातून आवाज उशिरा येतो, आणि तो उशीर अनेकदा सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही जास्त असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद नंतर आला, की विसंगती प्रेक्षकाला जाणवू लागते. प्रेमकथेत ती कदाचित खपून जाईल. परंतु दार आपटणे, वस्तू हातातून निसटणे, वाक्य अर्ध्यावर तोडणे यांवर उभा असलेला विनोद तेवढ्यानेही बोथट होतो. टीव्हीतील 'ऑडिओ डिले'ची सोय इथे सहसा कामाला येत नाही, कारण ती आवाज आणखी मागे ढकलते, पुढे आणत नाही. तारेने जोडलेला स्पीकर साधा असला तरी अधिक भरवशाचा ठरतो.

चित्राच्या बाबतीत एक काम न विसरता करावे. चित्रपट सहसा सेकंदाला २४ चौकटींच्या, म्हणजे स्थिर चित्रांच्या, गतीने चित्रित होतो. अनेक टीव्ही मात्र दोन चौकटींच्या मध्ये स्वतः तयार केलेल्या चौकटी घालून हालचाल अधिक गुळगुळीत करतात. प्रत्येक कंपनीने या सोयीला निराळे नाव दिले आहे, पण परिणाम सगळीकडे सारखाच होतो: परग्रहावरचा प्राणी प्राणी न वाटता रबरी मुखवटा घातलेला नट वाटू लागतो आणि यानाचा नियंत्रणकक्ष रंगवलेल्या फळ्यांचा सेट दिसतो. काही चित्रपट असा तकलादूपणा मुद्दाम दाखवून हसवतात, परंतु तो कुठे दाखवायचा हे दिग्दर्शकाने ठरवलेले असते. तेव्हा ही सोय बंद करावी. २०१९ साली जाहीर झालेला 'फिल्ममेकर मोड' टीव्हीत असेल, तर तो निवडताच ही प्रक्रिया आपोआप बंद होते.

पडद्याच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की कोणीतरी हमखास रिमोट उचलून 'झूम' दाबतो. रुंदी आणि उंची यांच्या २.३९ : १ या रुंद प्रमाणातला चित्रपट १६ : ९ च्या पडद्यावर उंचीचा साधारण तीन चतुर्थांश भाग व्यापतो, तो ताणून पूर्ण पडदा भरला तर चित्राच्या दोन्ही बाजू मिळून रुंदीचा सुमारे चतुर्थांश भाग कापला जातो. विज्ञानविनोदी चित्रपटात नेमक्या त्या कडांवर बरेच काही दडलेले असते: भविष्यातील शहरातली एखादी विचित्र पाटी, यंत्राच्या कळीखाली बारीक अक्षरांत लिहिलेली सूचना, मागे निमूटपणे भलतेच काहीतरी करत बसलेला यंत्रमानव. या गोष्टी टिपता याव्यात म्हणून बसण्याचे अंतर पडद्याच्या कर्णाच्या दीडपटीच्या आसपास ठेवावे. ५५ इंची टीव्हीसाठी ते २.१ मीटरच्या जवळपास येते. सगळ्यांना तेवढे जवळ बसवता येत नसेल, तर ज्यांनी चित्रपट आधी पाहिला आहे त्यांना मागे बसवावे. खोलीत मिट्ट काळोख करण्याची गरज नाही. पडद्यावर प्रतिबिंब पडणार नाही अशा बेताने टीव्हीच्या मागे एक मंद दिवा असला की डोळ्यांनाही बरे वाटते आणि मित्रांचे चेहरेही दिसतात.

सबटायटल्स लावावेत की नाही, यावर मित्रांत हमखास मतभेद होतात. मी ते शक्यतो बंद ठेवण्याच्या बाजूचा आहे. समजा, पडद्यावरील कप्तान नव्या यंत्राविषयी भारदस्त भाषण करून क्षणभर थांबतो आणि मग हळूच कबूल करतो की ते बंद कसे करायचे हे त्यालाही माहीत नाही. सबटायटलमध्ये ती कबुली भाषणाच्या शेवटच्या ओळीबरोबरच झळकते. वाचणारे आधी हसतात, ऐकणारे नंतर, आणि विनोदाचा प्राण असलेला तो क्षणभराचा विराम कोणाच्याच वाट्याला येत नाही. अर्थात चित्रपटाची भाषा एखाद्याला नीट कळत नसेल किंवा कोणाला कमी ऐकू येत असेल, तर ते निःशंकपणे लावावेत. शेजाऱ्याच्या कानात भाषांतर करत राहण्यापेक्षा ते कधीही चांगले.

प्रतीविषयी थोडेसे. एकाच चित्रपटाच्या चित्रगृहातील आणि दिग्दर्शकाच्या अशा दोन आवृत्त्या उपलब्ध असतील, तर प्रथम पाहणाऱ्यांसाठी चित्रगृहातील आवृत्ती लावावी, कारण विनोदी चित्रपटात भर घातलेली दृश्ये बहुधा वेग मंदावतात. जुन्या पाल पद्धतीच्या (सेकंदाला २५ चौकटी दाखवणाऱ्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांतच संपला, तर प्रत कापलेली आहे असे लगेच समजू नये. २४ चौकटींचा चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी चालवल्यामुळे तो चार टक्के आखूड होतो.

आता बोलण्याविषयी. मित्रांना एकत्र बोलावून गप्प बसायला सांगणे व्यर्थ आहे आणि विनोदी चित्रपटात ते योग्यही नाही. तरीही पहिली वीस-पंचवीस मिनिटे शांतता पाळावी, असे सर्वांनी आधीच ठरवून घ्यावे, कारण कथेतल्या काल्पनिक विज्ञानाचा नियम बहुधा तेवढ्यातच सांगितला जातो. १९८५ सालच्या 'बॅक टू द फ्युचर'मध्ये काळात मागे-पुढे जाण्यासाठी मोटारीला ताशी ८८ मैलांचा, म्हणजे सुमारे १४२ किलोमीटरचा वेग आणि १.२१ गिगावॉट वीज लागते, हे एका वाहनतळावरील दृश्यात कळते. पुढची सगळी धावपळ आणि तिच्यातली गंमत या दोन आकड्यांवर बेतलेली आहे. त्या दृश्यावर गप्पा मारलेल्या मित्राला शेवटी विजेचा लोळ एवढा महत्त्वाचा का, हे समजावून सांगत बसावे लागते. त्यानंतर टोमणे, अंदाज, उद्गार यांना मोकळीक असावी. फक्त रिमोट एकाच्याच हाती असावा आणि चित्रपट कधी थांबवायचा हे त्यानेच ठरवावे. ज्याने चित्रपट आधी पाहिला आहे त्याने विनोदाच्या आधी हसू नये. हे पाळणे वाटते त्याहून अवघड असते.

काही मित्र दूरच्या गावाहून फोनवर सामील होणार असतील, तर सर्वांनी तीच आवृत्ती लावावी, निर्मितिसंस्थेचे चिन्ह संपताच चित्रपट थांबवावा आणि एकाने आकडे मोजून सर्वांनी एकदमच तो पुन्हा सुरू करावा. फोनचा आवाज चित्रपट चालू असताना बंद ठेवावा, नाहीतर प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येतो.

चित्रपट संपताच पुढचा कार्यक्रम आपोआप सुरू होण्याची सोय आधीच बंद करून ठेवावी, कारण श्रेयनामावलीनंतरही एखादे दृश्य असू शकते. मग गप्पांना सुरुवात होते आणि तिथे एक जण हमखास विज्ञानाच्या चुका मोजू लागतो: निर्वात अंतराळात ध्वनी पोहोचत नाही, मग यानाचा घरघराट कसा ऐकू आला? हा मुद्दा बरोबर असला तरी त्यातून चर्चा फार पुढे सरकत नाही. त्याऐवजी, या चित्रपटाने कोणती एक अशक्य गोष्ट मान्य करायला लावली आणि ती मान्य केल्यावर स्वतः तिचे नियम शेवटपर्यंत पाळले का, असे विचारावे. नियम मोडला असेल तर तो हसवण्यासाठी मोडला की अडलेली कथा सोडवण्यासाठी, यावर उत्तम वाद रंगतो, आणि विज्ञान न शिकलेला मित्रही त्यात बरोबरीने भाग घेऊ शकतो. वाद एखाद्या दृश्यावरून अडला तर आठवणीवर विसंबण्यापेक्षा ते दृश्य पुन्हा लावावे, आणि त्या वेळी सबटायटल्स खुशाल चालू करावेत.