एकट्याने खेळायचा पाणबुडीचा डाव : २४ टॉर्पेडो, तीन ताफे

हा डाव १९४३ सालच्या पॅसिफिक महासागरातला. तुमच्याकडे अमेरिकेची गॅटो वर्गाची पाणबुडी, समोर जपानी मालवाहू जहाजांचा ताफा. समोरची बाजू फासे आणि ठरलेले नियम चालवतात, त्यामुळे दुसरा भिडू लागत नाही. दिवसाउजेडीचा, पाण्याखालून केलेला हल्ला एवढाच खेळाचा विषय आहे. पृष्ठावरून धावणं, तोफा, विमानं मुद्दाम बाहेर ठेवली आहेत.

सामान घरातलंच. ए-फोर कागदावर १० बाय १० घरं आखा, प्रत्येक घर १.८ सेंटिमीटरचं. ओळी वरून खाली १ ते १०, स्तंभ डावीकडून उजवीकडे १ ते १०. लुडोच्या दोन हिरव्या सोंगट्या मालवाहू, एक पिवळी तेलवाहू, दोन लाल गस्तीनौका. पाणबुडीसाठी जाड पुठ्ठ्याचा बाण कापा, एका बाजूला ‘पेरिस्कोप’, दुसऱ्या बाजूला ‘खोल’ लिहा. सोंगटी इथे चालत नाही, कारण तोंड कुठे आहे यावर सगळं ठरतं. शिवाय दोन फासे, शर्टाचं एक बटण आणि २४ चिंचोके.

चिंचोके म्हणजे टॉर्पेडो, पाण्याखालून धावणारी स्फोटकं. ते सोडायला गॅटोला पुढे ६ नळ्या, मागे ४, आणि भरलेल्या नळ्या धरून एकूण साठा २४. कागदाच्या कडेला दहा गोल काढून त्यांत एकेक चिंचोका ठेवा, उरलेले १४ वाटीत. ताफा पटावर असेपर्यंत वाटीला हात लावायचा नाही. दोन ताफ्यांच्या मधेच नळ्या पुन्हा भरतात. अशा तीन ताफ्यांची एक मोहीम, म्हणजे पहिल्या दोन ताफ्यांवर दहा-दहा उधळले तर तिसऱ्यासाठी चारच उरतात.

मांडणी अशी : ओळ ५ मध्ये स्तंभ ८ ला हिरवी, ९ ला पिवळी, १० ला हिरवी. एक गस्तीनौका ओळ ४, स्तंभ ७ वर. दुसरी ओळ ६, स्तंभ ९ वर. ताफा उजवीकडून डावीकडे जातो. पाणबुडी ओळ १० मध्ये, स्तंभ १ ते ५ पैकी कुठेही, तोंड वर, पेरिस्कोपच्या खोलीवर, म्हणजे दुर्बीण पाण्यावर निघेल इतकी उथळ. बॅटरीच्या १२ रेघा कागदावर मारून ठेवा.

प्रत्येक फेरी याच क्रमाने :

१. पाणबुडी तोंडाच्या दिशेला एक घर सरकते किंवा थांबते. सरकली तर बॅटरीची एक रेघ खोडा. त्यानंतर हवं तर ४५ अंश वळा. एका फेरीत एकदाच. खोली बदलायची तर इथेच, पण खोलवरून वर आलेल्या फेरीत टॉर्पेडो सोडता येत नाही.

२. टॉर्पेडो. पेरिस्कोपच्या खोलीवरूनच, आणि एका फेरीत फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या नळ्यांतून. सोडून झाल्यावर लगेच खोल जाता येतं.

३. ताफा आणि गस्तीनौका एक घर डावीकडे. पहिला टॉर्पेडो सुटल्यानंतरच्या प्रत्येक फेरीत आधी एक फासा टाका : १ पडला तर मालवाहू व तेलवाहू जहाजं डावीकडे जाताना एक ओळ वर सरकतात, ६ पडला तर एक ओळ खाली.

४. शोध. जी गस्तीनौका तुमच्या घरात किंवा लगतच्या आठ घरांत असेल तिच्यासाठी दोन फासे.

नेम धरताना लक्ष्य बाणाच्या नेमक्या सरळ रेषेत हवं, उभ्या किंवा तिरक्या. मधे गस्तीनौका असेल तर सोडता येत नाही. तिरकं घरही एकच धरायचं. लगतच्या घरावर टॉर्पेडो चालत नाही. गॅटोचा मार्क १४ टॉर्पेडो साडेचारशे यार्डांच्या आसपास धावल्यावरच त्याचा स्फोटक खटका सज्ज व्हायचा, म्हणून ही अट. दोन घरांवर दोन फाशांची बेरीज ६ किंवा जास्त लागते, तीन घरांवर ७, चार घरांवर ९. तिरक्या रेषेत प्रत्येकी एक जास्त. प्रत्येक टॉर्पेडोसाठी वेगळं दान.

लागला म्हणजे फुटला असं नाही. लागलेल्या प्रत्येक टॉर्पेडोसाठी एक फासा टाका. डाव जुलै १९४३ चा असेल तर ताफ्याच्या मार्गाला काटकोनात बसलेला टॉर्पेडो १ ते ४ वर फुसका, तिरका बसलेला फक्त १ आणि २ वर. डाव ऑक्टोबर १९४३ नंतरचा असेल तर कुठूनही फक्त १ वर फुसका.

या एका नियमासाठी सगळा डाव आहे. मार्क १४ मध्ये तीन दोष एकावर एक दडलेले होते : तो ठरवल्यापेक्षा खोल धावायचा, त्याचा चुंबकीय खटका बेभरवशाचा होता, आणि काटकोनात आदळला की धक्क्याने स्फोटक पिन वाकून अडकायची. २४ जुलै १९४३ रोजी टिनोसा या पाणबुडीने थांबलेल्या तोनान मारू क्रमांक ३ या प्रचंड जहाजावर अगदी पुस्तकी नेम धरून एकामागून एक टॉर्पेडो सोडले. ते लागत होते, फुटत नव्हते. शेवटचा एक तिने तपासणीसाठी परत नेला. मग हवाईमधल्या काहोओलावे बेटाच्या कड्यावर टॉर्पेडो आदळवून आणि खटके उंचावरून टाकून दोष शोधला गेला, पिन हलकी केली गेली.

पटावर त्याचा हिशोब असा. जुलैच्या डावात दोन घरांवरून काटकोनातला टॉर्पेडो चारांत एकदा काम करतो, तिरका पाचांत जवळजवळ दोनदा. ऑक्टोबरनंतर उलट : काटकोनातला पाचांत तीनदा, तिरका निम्म्या वेळा. म्हणजे जुलैमध्ये सर्वांत चांगला दिसणारा नेम सर्वांत वाईट ठरतो. आधी जुलै खेळा, मग ऑक्टोबर. फरक हाताला कळतो.

मालवाहू एका स्फोटात बुडते, ४ गुण. तेलवाहूला दोन लागतात, १० गुण. एक बसला तर ती अर्ध्या वेगाने, एका फेरीआड सरकते. जुलैमध्ये दोन घरांवरून तिरके चार सोडले तर तेलवाहू बुडण्याची शक्यता निम्म्याला किंचित वर, सहा सोडले तर चारांत तीन. तेलवाहूवर सहा घाला, मालवाहूवर दोन किंवा तीन.

एक सुरुवात करून बघा. पाणबुडी ओळ १०, स्तंभ ३ वर. पहिल्या फेरीत ओळ ९. दुसऱ्यात ओळ ८, आणि उजवीकडे ४५ अंश वळण. तिसऱ्यात तिरकं सरकून ओळ ७, स्तंभ ४. आता तिरक्या रेषेत दोन घरांवर पहिली मालवाहू आहे. सोडू नका. एक फेरी जागेवर थांबा. चौथ्या फेरीत त्याच घरात तेलवाहू येते. पुढच्या हालचालीत खालची गस्तीनौका बरोबर तुमच्या रेषेत येणार आहे, म्हणून हीच फेरी. सहा सोडा, बाण उलटून खोल जा.

टॉर्पेडो सुटला की ज्या घरातून सुटला तिथे बटण ठेवा. मार्क १४ वाफेवर चालायचा, पाण्यावर बुडबुड्यांची रेघ उमटायची. फुसका ठरला तरी जागा कळतेच. पुढच्या फेरीपासून दोन्ही गस्तीनौका दर फेरीला दोन घरं बटणाकडे येतात. पोचल्यावर तिथेच थांबतात. तीन फेऱ्या काही सापडलं नाही तर बटण उचला, त्या त्याच वेगाने ताफ्याकडे परततात. शोधात पेरिस्कोपच्या खोलीवर ८ किंवा जास्त पडले की सापडलात, खोल असाल तर १०. त्या फेरीत सरकला असाल तर दानात एक मिळवा, कारण पंख्याचा आवाज पोचतो. सापडलात की बटण तुमच्या घरात, आणि डेप्थ चार्जचा, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बचा, एक फासा : खोल असाल तर ५ किंवा ६ वर एक नुकसान, पेरिस्कोपवर ३ ते ५ ला एक, ६ ला दोन. एका नुकसानीला बॅटरीच्या ३ रेघा कायमच्या जातात. चौथ्या नुकसानीला पाणबुडी बुडाली, मोहिमेचे गुण शून्य. बॅटरी संपली आणि चार घरांत गस्तीनौका असेल तरीही तेच.

सर्वांत मोठी गडबड इथेच होते. पाणबुडी कुठे आहे हे तुम्हाला माहीत असतं, आणि हात नकळत गस्तीनौकांना भलतीकडे नेतो. तो रडीचा डाव झाला. त्या बटणाकडेच जातात, तुमच्याकडे नाही आणि तुमच्यापासून दूरही नाही. दोन वाटा सारख्या असतील तर फासा टाका : विषम डावी, सम उजवी.

दुसरी चूक पाठलागाची. पाण्याखाली तुमचा वेग ताफ्याइतकाच आहे, मागे पडलात की तो गाठता येत नाही आणि बॅटरी मात्र संपते. मागच्या चार नळ्या वाया जातात कारण त्यांच्यासाठी वळायला चार फेऱ्या लागतात. वळू नका. खोल जाऊन ताफ्याखालून पलीकडे निघा, तोंड तसंच ठेवा, ओळ ३ वर पोचल्यावर वर या. पुढच्या फेरीत ताफा तुमच्या पाठीमागच्या रेषेत दोन घरांवर असू शकतो, आणि गस्तीनौका अजून दक्षिणेला बटणापाशी घुटमळत असतात.

ताफा डाव्या कडेबाहेर गेला की तो संपला. नळ्या भरा, बॅटरी भरा, गेलेल्या रेघा सोडून. नुकसान तसंच पुढे चालतं. तीन ताफ्यांत मिळून २० गुण म्हणजे चांगली मोहीम. दोन नुकसानी घेऊन तिसऱ्या ताफ्यासमोर चार टॉर्पेडो उरले असतील, तर तेलवाहूचा नाद सोडा आणि शेवटच्या मालवाहूवर दोन-दोन करून चालवा. तिच्या मागे गस्तीनौका नसते.