गाडीत कूलंट घरच्या घरी कसं टॉपअप करायचं, आणि लेव्हल उतरली असेल तर का उतरली ते कसं शोधायचं

एप्रिल-मे मध्ये खंबाटकी किंवा कशेडी घाट चढताना बघा, कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतातच, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं एकच असतं, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत द्रव, कमी झालेलं असतं आणि कोणी बघितलेलंच नसतं. ऑइल लोक बघतात, हवा बघतात, पण कूलंट म्हणजे सर्व्हिसिंगला गॅरेजवाला बघेल अशी सगळ्यांची समजूत. आणि इंजिन एकदा जोरात तापलं की हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं, त्याच्या खालचं सील म्हणजे हेड गॅस्केट जातं, मग बिल हजारांत. हे काम घरी आरामात होतं, स्पॅनर-पान्हा काही लागत नाही, फक्त नीट समजून करायचं.

सगळ्यात आधी, इंजिन थंड पाहिजे. थंड म्हणजे पूर्ण थंड, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं सकाळी बघायचं. ही सिस्टीम प्रेशरखाली चालते, गरम असताना झाकण उघडलं की आतलं कूलंट त्या क्षणी उकळून फवाऱ्यासारखं बाहेर येतं आणि थेट तोंडावर, हातावर. बरेच जण फडकं धरून हळूच अर्धा आटा फिरवून बघतात, कृपा करून ते पण करू नका, फडक्याने काही अडत नाही. रेडिएटरला जोडलेला वरचा जाड रबरी पाइप (होज) हाताला गार लागला तरच पुढे जायचं.

गाडी सपाट जागेवर लावा, सोसायटीच्या उतारावर लेव्हल चुकीची दिसते. बॉनेट उघडल्यावर एक पांढरट प्लॅस्टिकची टाकी शोधायची, तिच्यावर MIN आणि MAX किंवा LOW आणि FULL अशा दोन रेषा असतात आणि तिच्यातून पाइप रेडिएटरकडे गेलेला असतो. वायपरच्या पाण्याची टाकी शेजारीच असू शकते, तिच्या झाकणावर काचेवर उडणाऱ्या पाण्याचं चित्र असतं, ती वेगळी, घाईत गोंधळ होतो म्हणून चित्र बघूनच हात लावा. आता जुन्या गाडीत ही टाकी पिवळी पडलेली असते आणि आतलं काही दिसत नाही, तेव्हा मोबाइलचा टॉर्च टाकीच्या मागून मारायचा आणि दुसऱ्या हाताने गाडी थोडी हलवायची, आतलं पाणी हिंदकळतं आणि लेव्हल लगेच कळते. नुसत्या डागावर जाऊ नका, जुन्या लेव्हलचा डाग टाकीवर तसाच राहतो आणि टाकी भरलेली वाटते.

लेव्हल दोन रेषांच्या मधे असेल तर काही करायचं नाही, बॉनेट बंद. खालच्या रेषेपाशी किंवा खाली असेल तरच घालायचं.

कुठलं कूलंट घालायचं, इथे लोक रंग बघून घेतात आणि तिथेच फसतात. हिरवं, लाल, निळं, गुलाबी हे रंग कंपन्या आपापल्या हिशोबाने टाकतात, रंग सारखा म्हणजे माल सारखा असं अजिबात नाही. आतली गंज रोखणारी केमिकलं वेगवेगळी असतात आणि न जुळणारी एकत्र आली की त्यांचा असर कमी होतो, कधी कधी आत गाळ धरतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ग्रेड दिलेली असते, ती बघून तीच घ्या. मॅन्युअल हरवलं असेल तर शोरूमच्या स्पेअर काउंटरवर मॉडेल आणि साल सांगा, तिथला माणूस काढून देतो. बाटलीवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असं काही छापलंय का तेही बघा, नुसतं रंगीत पाणी विकणारे पण आहेत.

दुसरी गोष्ट, बाटली रेडी टू यूज आहे की कॉन्सन्ट्रेट आहे ते वाचा. रेडी टू यूज असेल तर तसंच ओतायचं, त्यात पाणी मिसळायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं, बऱ्याचदा अर्धं-अर्धं असतं. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतलं की जास्त कूलिंग होईल असं वाटतं पण होतं उलट, उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस, कूलंटमधलं ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं आणि सोबतची केमिकलं गंज थांबवतात. अर्धं-अर्धं मिक्स साधारण १०७ अंशाला उकळतं, आणि झाकणाच्या प्रेशरमुळे हा आकडा १२० च्याही वर जातो, म्हणून नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशात पण गाडी एसी लावून चालते.

नळाचं पाणी घालू नका, आणि बोअरचं तर नाहीच. बोअरचं पाणी तापवलं की भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो ना, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि मग कितीही कूलंट घाला, गाडी तापतच राहते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर, बॅटरीवाल्याकडे कुठेही मिळतं, स्वस्त असतं.

घालताना नरसाळं घ्या, स्वच्छ आणि कोरडं, घरातलं तेलाचं नको. झाकणाभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसून मगच उघडा, हळूहळू ओता आणि वरच्या रेषेच्या जरा खालीच थांबा, कारण गरम झाल्यावर कूलंट फुगतं, त्याला जागा लागते. झाकण घट्ट लावा. इंजिन चालू करून दहा मिनिटं ठेवा, डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा नेहमीच्या जागी थांबतो का बघा. काटा नसलेल्या गाडीत तापमानाचा निळा दिवा विझला पाहिजे आणि लाल लागता कामा नये.

आता टाकी पूर्ण रिकामीच दिसली तर प्रकरण वेगळं. गाड्यांत दोन प्रकार असतात. टाटा, महिंद्रा, फोक्सवॅगन, स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत प्रेशरचं झाकण टाकीवरच असतं. मारुती, होंडा, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत ते रेडिएटरवर असतं आणि टाकी नुसती साठ्याची. या दुसऱ्या प्रकारात टाकी भरलेली दिसते पण रेडिएटर आतून रिकामा, असं होऊ शकतं, झाकणाचं रबर खराब झालं की गार होताना कूलंट परत ओढलं जात नाही. म्हणून अधूनमधून, थंड इंजिनवर, रेडिएटरचं झाकण उघडून बघाच, कूलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. नसेल तर तिथून भरा, वरचा होज हाताने दाबा-सोडा, बुडबुडे निघतात, परत भरा, मग टाकी भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, आत अडकलेली हवा निघाली की लेव्हल थोडी उतरतेच.

खरा मुद्दा पुढे आहे. ही बंद सिस्टीम आहे, वर्षभरात बोटभर उतरलं तर ठीक, पण दर महिन्याला घालावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय आणि ते शोधल्याशिवाय नुसतं ओतत राहणं म्हणजे दुखणं झाकणं. टाकीवर मार्करने आजची लेव्हल आणि तारीख लिहा, आठवड्याने बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. पॅसेंजरच्या बाजूला साधं पाणी पडतं ते एसीचं असतं, घाबरू नका, पण पडलेलं रंगीत असेल आणि बोटांत चोळल्यावर बुळबुळीत लागलं तर ते कूलंट. होजच्या क्लॅम्पपाशी, वॉटर पंपाखाली, रेडिएटरच्या कडेला पांढरट-हिरवट सुकलेले चट्टे दिसतात का बघा. पावसाळ्यात उंदीर होज कुरतडतात, त्यांच्या दातांच्या खुणाही दिसतात. खाली काहीच पडत नाही पण कारमध्ये गोडसर वास येतोय, काचेवर आतून चिकट धुकं धरतंय, पुढच्या सीटपाशी पायाखालचं कार्पेट ओलं आहे, तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, हीटरसाठीचा छोटा रेडिएटर) लीक असण्याची शक्यता आहे. आणि इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखं काही लागलेलं असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि गाडी चालवू नका, टो करून न्या. (थंडीत फक्त जवळच्या फेऱ्या होत असतील तर थोडी साय नुसत्या दमटपणानेही धरते, त्यामुळे कूलंट पण उतरतंय का हे सोबत बघायचं.)

रस्त्यात काटा वर गेला तर एसी बंद, हीटर फुल गरम आणि पंखा जोरात, त्याने इंजिनची बरीच उष्णता आत ओढली जाते, उकडेल पण तेवढं सहन करा, सुरक्षित जागा मिळताच बाजूला घ्या आणि बंद करा. लाल दिवाच लागला असेल तर जागा शोधत लांब जाऊ नका. निदान पाऊण तास थांबा, तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. कूलंट नसेल तर गार झाल्यावर पिण्याचं पाणी घालून जवळच्या गॅरेजपर्यंत जा, फक्त नंतर सिस्टीम फ्लश करून, म्हणजे आतलं सगळं काढून धुऊन, परत कूलंट भरून घ्या.

सांडलेलं कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुवा. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं, पार्किंगमधली कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही त्यांच्या किडन्या निकामी होतात. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा, पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच काढून ठेवू नका, आणि जुनं काढलेलं कूलंट गटारात न ओतता गॅरेजमध्ये नेऊन द्या.