दोन हातांत दोन हत्यारं: या चुका टाळा

कापसाची वेचणी आटोपली की आमच्याकडं रात्री ओसरीवर डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकून आपापलं पात्र खेळवायच्या खेळाचा, डाव बसतो. दर डावात एक तरी गडी दोन हत्यारं घेऊन उतरतो आणि पहिल्याच लढाईत डीएमशी (डाव चालवणाऱ्याशी) भांडतो: "दोन हात हायेत ना बे, मंग दोन वार कायले नाई?" वार दोन मिळतात, पण फुकट नाही. शेवटचा परिच्छेद सोडून खालचं सगळं पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनुसार आहे.

दोन्ही हत्यारं नियमांत 'लाइट' (हलकी) म्हणून नोंदलेली हवीत. लाँगसोर्ड किंवा रेपियरची जोडी ड्युअल विल्डर ही फीट (पात्राचं खास कसब) घेतल्याशिवाय चालत नाही. इळा-कुऱ्हाड मात्र बेलाशक घ्या: सिकलचं नुकसान १डी४ (चार बाजूंचा एक फासा), हँडॲक्सचं १डी६, दोन्ही लाइट. पण दोन्ही फिनेस (ताकदीऐवजी चपळाईवर चालवता येणारी) नाहीत, म्हणून चपळ पण कमी ताकदीच्या रोगच्या (चोरट्या पात्राच्या) हाती शॉर्टसोर्डच द्या.

खरी गोची बोनस ॲक्शनची, म्हणजे आपल्या टर्नला (पाळीला) ॲक्शनशिवाय मिळणाऱ्या एकाच जादा कृतीची. आधी अटॅक ॲक्शन घेऊन एका हत्यारानं वार करायचा, मग बोनस ॲक्शन खर्चून दुसऱ्यानं. पहिला वार हुकला तरी दुसरा करता येतो. पण ॲक्शनमध्ये मंत्र टाकला तर दुसरा वार विसरा. रेंजर (रानातला शिकारी) इथंच फसतो: हंटर्स मार्क हा शत्रूवर खूण करायचा मंत्र टाकायला बोनस ॲक्शन, शत्रू मेला की खूण दुसऱ्यावर न्यायलाही बोनस ॲक्शन. त्या टर्नला डावा हात नुसता लोंबकळतो. बार्बेरियनचा रेज (संताप) आणि रोगची कनिंग ॲक्शनही (पळणं-लपणं) बोनस ॲक्शनच्याच रांगेत उभी.

दुसऱ्या वाराच्या नुकसानीत मॉडिफायर (ताकद किंवा चपळाईचा अधिक-उणे आकडा) धरत नाहीत (उणे असेल तर धरतात). तो मिळवायचा तर टू-वेपन फायटिंग ही लढायची स्टाइल लागते. वार लागतो का ते ठरवणाऱ्या फाशावर मात्र मॉडिफायर नेहमीसारखाच मिळतो. त्या फाशातून उणे ६, उणे १० वाला हिशोब जुन्या ३.५ आवृत्तीचा, तो इथं आणू नका.

ताकद +३ धरा, सगळे वार लागले असं समजा. दोन शॉर्टसोर्डचे सरासरी ६.५ आणि ३.५, म्हणजे १०. ग्रेटसोर्डच्या एका वाराचेही १०, वर बोनस ॲक्शन मोकळी. पाचव्या लेव्हलला एक्स्ट्रा अटॅक (ॲक्शनमध्ये एकाऐवजी दोन वार) आला की जोडीचे १६.५, ग्रेटसोर्डचे २०. एक्स्ट्रा अटॅकनं डाव्या हाताचे वार दुप्पट होत नाहीत, एकूण तीनच. फायटर होऊन स्टाइल न घेता दोन तलवारी मिरवणं मला तरी पटत नाही.

रोगचं गणित वेगळं. स्नीक अटॅक (संधी साधून केलेल्या वाराचं जादा नुकसान) टर्नला एकदाच लागतो, पण पहिला वार हुकला तर डाव्या हाताचा वार म्हणजे दुसरी संधी. तिसऱ्या लेव्हलला त्यात २डी६ असतात, तिथं मॉडिफायर गेला तरी चालतं.

२०२४ च्या पुस्तकावर खेळत असाल तर वेपन मास्टरीतलं (हत्यारागणिक मिळणाऱ्या खास गुणांतलं) 'निक' बघा. डॅगर, सिकल, सिमिटर आणि लाइट हॅमरला ते असतं. मास्टरी मिळालेली असेल तर दुसरा वार अटॅक ॲक्शनमध्येच बसतो, टर्नला एकदा, आणि रेंजरला हंटर्स मार्कसाठी बोनस ॲक्शन सुटी मिळते.